संगणक आपला, मर्जी कंपनीची

लॅपटॉप सुरू केला की माणसाला कामाला बसायचे असते. विंडोज ११ मध्ये मात्र अधूनमधून, बहुतेकदा एखाद्या अपडेटनंतर, अख्खी स्क्रीन व्यापून एक पान उघडते आणि संगणकाची उरलेली मांडणी पूर्ण करून घेऊ या, असे सुचवते. तो संगणक कित्येक महिने रोज वापरात असला तरी हे पान येतेच. खाली पर्याय दोन: 'पुढे चला' किंवा 'तीन दिवसांनी आठवण करा'. पुढे गेले की वनड्राइव्हवर फायलींचा बॅकअप घ्या, एज ब्राउझर वापरा, मायक्रोसॉफ्ट ३६५ चे वर्गणीदार व्हा, अशी एकामागून एक आर्जवे सुरू होतात. 'नको, आणि पुन्हा विचारू नका' असे सांगायची सोय त्या पानावर नाही. ती आहे सेटिंगमध्ये, नोटिफिकेशनच्या यादीच्या पार तळाशी, आणखी एका मिटलेल्या घडीत. शोधणाऱ्याला सापडते, ज्याला ती आहे हेच माहीत नाही, तो बिचारा दर खेपेला तीन दिवसांची मुदत घेत राहतो. विंडोजबद्दलच्या तक्रारींची यादी काढायला बसले तर कागद पुरणार नाही. पण त्यातल्या सर्वांत त्रासदायक तक्रारींचे मूळ या एका पानात आहे. पैसे मोजून घेतलेल्या यंत्राच्या मालकाने नकार दिला, तरी तो नकार टिकत नाही. आणि तो टिकू न देणे ही तंत्रज्ञानाची अडचण नसून कंपनीचा निर्णय आहे.

यावर एक ठरलेले उत्तर मिळते: लोकांना बदल नकोच असतो, चार दिवस कुरकुर करतील आणि मग रुळतील. हे अगदीच खोटे नाही. २००१ मध्ये विंडोज एक्सपी आली तेव्हा तिच्या निळ्या-हिरव्या रूपाला लोकांनी खेळण्यातले म्हणून नावे ठेवली होती, आणि आज त्याच रूपाच्या आठवणीने माणसे हळवी होतात. २०१२ मध्ये विंडोज ८ ने स्टार्ट बटण काढले, तेव्हा इतका गदारोळ झाला की पुढच्याच वर्षी ८.१ मध्ये ते परत आणावे लागले. ५ ऑक्टोबर २०२१ रोजी आलेल्या विंडोज ११ मध्येही हेच घडले. टास्कबार नव्याने लिहिला गेला आणि त्या खटपटीत जुन्या सोयी गळाल्या. प्रत्येक उघड्या फाइलचे नाव टास्कबारवर वेगळे दिसायचे, ते बंद झाले. चार-पाच एक्सेल शीट एकदम उघडून काम करणाऱ्या हिशेबनिसाला एका शीटवरून दुसऱ्यावर जायला प्रत्येक वेळी एक क्लिक जादा पडू लागला. ती सोय परत यायला २०२३ उजाडले. फाइल ओढून टास्कबारवरच्या प्रोग्रॅममध्ये सोडायची सोय २०२२ मध्ये परतली. राइट-क्लिकचा मेन्यू आखूड झाला आणि हवा तो पर्याय नेमका 'आणखी पर्याय दाखवा' याच्या मागे गेला. कंट्रोल पॅनल आणि सेटिंग हे दोन संसार तर २०१२ पासून शेजारीशेजारी चालू आहेत. कुठली कळ कुठे सापडेल हे अजूनही ज्याचे त्याने शोधायचे. पण हा सगळा कारागिरीचा ढिसाळपणा आहे. ओरड झाली की उशिरा का होईना दुरुस्त होतो, आणि तेवढ्यासाठी कोणाच्या हेतूवर शंका घ्यायचे कारण नाही.

हेतूचा प्रश्न सुरू होतो तो २०१६ पासून. त्या वर्षी विंडोज ७ आणि ८.१ वापरणाऱ्यांना विंडोज १० फुकट देऊ केली होती आणि त्यासाठी वारंवार एक चौकट उघडत असे. चौकटीच्या कोपऱ्यातली फुली दाबली की ती बंद होते आणि प्रस्ताव नाकारला जातो, हे मायक्रोसॉफ्टनेच जगाला वर्षानुवर्षे शिकवले होते. त्या वसंतात मात्र फुलीचा अर्थच बदलला. चौकट बंद केली तरी अपग्रेडची वेळ ठरलेलीच राहायची आणि ती उलटली की संगणक आपोआप नव्या प्रणालीवर जायचा. कॅलिफोर्नियातील एका महिला व्यावसायिकाचा संगणक अशाच नको असलेल्या अपग्रेडने निकामी झाला. ती न्यायालयात गेली आणि कंपनीला तिला १० हजार डॉलर द्यावे लागले. आपण मर्यादा ओलांडली, हे कंपनीच्या विपणनप्रमुखांनी वर्षअखेरीस मान्यही केले. मान्य केले, पण सवय मोडली नाही.

वनड्राइव्हचे उदाहरण पाहा. ते जवळून पाहण्यासारखे आहे. नवा लॅपटॉप घेऊन मायक्रोसॉफ्टच्या खात्याने सुरू केला, की डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि पिक्चर्स ही तीन फोल्डरे वनड्राइव्हशी जोडली जातात. २०२४ च्या मध्यापासून तर नव्या मांडणीत हे स्पष्ट न विचारताच होऊ लागल्याचे समोर आले. वरवर काही बदललेले दिसत नाही. डेस्कटॉपवर ठेवलेली फाइल डेस्कटॉपवरच दिसते, पण तिचा खरा पत्ता वनड्राइव्हच्या फोल्डरातला असतो आणि तिची प्रत कंपनीच्या सर्व्हरवर गेलेली असते. फुकटची जागा ५ जीबी. घरातले फोटो आणि लग्नाचे दोन व्हिडिओ एवढ्यानेच ती भरते, आणि मग जागा संपली, जादा जागा विकत घ्या, असा तगादा लागतो. वैतागून कोणी ऑनलाइन प्रत पुसली, की जोडणी चालू असल्यामुळे संगणकावरचीही पुसली जाते. शहाणपणाने आधी बॅकअप बंद केला, तर डेस्कटॉप रिकामा दिसतो आणि तिथे फक्त 'माझ्या फायली कुठे आहेत' अशा नावाचा एक दुवा उरतो. फायली गेलेल्या नसतात, त्या दुसऱ्या फोल्डरात असतात. पण हे कळेपर्यंत माणसाच्या तोंडचे पाणी पळालेले असते. बॅकअप ही चांगली गोष्ट आहे, याबद्दल दुमत नाही. हार्ड डिस्क बंद पडून वर्षांचे काम गेलेल्यांना ते सांगायलाही नको. म्हणूनच तो काय आहे, कुठे जातो आणि कसा थांबवायचा, हे आधी सांगून मग विचारायला हवे होते.

असे का होते, याचे उत्तर पैशाच्या वाटेत आहे. पूर्वी विंडोज ही एकदाच विकायची वस्तू होती. नवी आवृत्ती लोकांनी विकत घ्यावी म्हणून ती लोकांना आवडावी लागे. २०१५ पासून जुन्या परवान्यावर नवी आवृत्ती फुकट मिळू लागली आणि संगणक उत्पादकांकडून येणारे परवानाशुल्क सोडले तर पुढची कमाई दुसरीकडून काढावी लागली: मायक्रोसॉफ्ट ३६५ ची वर्गणी, वनड्राइव्हची जागा, बिंगवरच्या जाहिराती, आणि आता कोपायलट हा एआय सहायक. या प्रत्येक दुकानाचा दरवाजा विंडोजमधूनच उघडतो. मग दरवाजा सतत डोळ्यांसमोर राहील अशीच घराची बांधणी होते. एप्रिल २०२४ मध्ये स्टार्ट मेन्यूच्या 'शिफारस' विभागात स्टोअरमधल्या ॲपच्या जाहिराती येऊ लागल्या. त्याच वर्षीपासून नव्या लॅपटॉपच्या कीबोर्डवर कोपायलटची स्वतंत्र कळ आली. विंडोज कळ १९९४ मध्ये आल्यानंतर कीबोर्डमध्ये झालेला हा पहिला मोठा बदल. संगणकाची पहिली मांडणी करताना होम आवृत्तीला इंटरनेट आणि मायक्रोसॉफ्टचे खाते सक्तीचे होतेच, २०२२ मध्ये वैयक्तिक वापराच्या प्रो आवृत्तीलाही ते लागू झाले. एक कमांड टाइप करून ही सक्ती टाळता येत असे, तर मार्च २०२५ मध्ये चाचणी आवृत्तीतून ती कमांडच काढली गेली. ऑस्ट्रेलियात तर प्रकरण न्यायालयात गेले आहे. तिथल्या स्पर्धा आणि ग्राहक आयोगाने ऑक्टोबर २०२५ मध्ये दाखल केलेल्या दाव्यात म्हटले आहे, की मायक्रोसॉफ्ट ३६५ मध्ये कोपायलट घालून दर वाढवताना कोपायलटविना जुन्या दराचा पर्याय शिल्लक आहे, ही गोष्ट सुमारे २७ लाख ग्राहकांपासून दडवली गेली. वर्गणी रद्द करायला निघालेल्यालाच तो पर्याय दिसत असे. कंपनीने पुढच्याच महिन्यात माफी मागितली. नेमक्या त्याच महिन्यात, नोव्हेंबर २०२५ मध्ये, विंडोजचे प्रमुख पवन दावुलुरी यांनी आता विंडोज ही स्वतःहून कामे करणाऱ्या एआयची प्रणाली होत असल्याचे समाजमाध्यमावर जाहीर केले, आणि खाली प्रतिक्रियांचा असा काही भडिमार झाला की उत्तरे देण्याची सोय बंद करावी लागली. आधी आहे ते नीट चालवा, एवढेच बहुतेकांचे म्हणणे होते.

'हा व्यवसाय आहे, प्रणाली अशीच बांधली आहे, आता त्याला इलाज नाही', असे कोणी म्हणेल. तर इथे एक फाइल उघडून पाहावी. विंडोजच्या सिस्टम३२ या फोल्डरात देशानुसार सोयी ठरवणारी एक साधी मजकुराची फाइल असते. तिच्यात एकेक सोय लिहिलेली आहे आणि प्रत्येकीपुढे ती कोणत्या देशांत चालू ठेवायची, त्यांची दोन-दोन अक्षरी नावे. एज ब्राउझर काढून टाकता येणे, ही त्यातलीच एक नोंद. तिच्या यादीत ऑस्ट्रिया, बेल्जियम, बल्गेरियापासून युरोपीय आर्थिक क्षेत्रातले देश आहेत. बाकी जगासाठी ती सोय मुळात बंद. युरोपीय संघाचा डिजिटल बाजारपेठ कायदा मार्च २०२४ पासून मायक्रोसॉफ्टला लागू झाला आणि त्याआधीच कंपनीने हा बदल करून ठेवला. म्हणजे पॅरिसमधल्या लॅपटॉपवरून एज काढता येतो, बिंगचा शोध बंद करता येतो, प्रणालीतल्या दुव्यांवर क्लिक केले की ते आपण निवडलेल्याच ब्राउझरमध्ये उघडतात. पुण्यातल्या लॅपटॉपवर तीच प्रणाली, तोच कोड, आणि ही मुभा नाही. गंमत म्हणजे दुव्यांची हीच सोय करून देणारा एक छोटा प्रोग्रॅम एका स्वतंत्र प्रोग्रॅमरने फुकट दिला होता. नोव्हेंबर २०२१ मध्ये कंपनीने त्याची वाट बंद केली. एजवाचून विंडोज चालू शकते, हे आता कंपनीच्याच फाइलीत लिहिलेले आहे.

दुसरा पुरावा युरोपात शोधायला नको. एंटरप्राइझ एलटीएससी नावाची विंडोजची एक आवृत्ती आहे, ती मोठ्या संस्थांना मिळते. रुग्णालयातली यंत्रे, कारखान्यातली नियंत्रणे, अशा ठिकाणी ती वापरतात. तिच्यात स्टोअर नाही, कोपायलट नाही, वर्षाला नव्या वैशिष्ट्यांचा मारा नाही. सुरक्षेची अपडेट तेवढी पाच वर्षे, आणि काही परवान्यांत दहा वर्षे येत राहतात. घरच्या वापरकर्त्याला नेमके हेच हवे असते, आणि नेमके त्यालाच ते दुकानात विकत मिळत नाही. ज्याच्यामागे कायदा उभा आहे किंवा जो हजारो परवान्यांचा सौदा करतो, त्याचा नकार ऐकला जातो. एकटादुकटा ग्राहक मात्र तीन दिवसांच्या मुदतीवर.

सर्वांत वजनदार आक्षेप सुरक्षेचा आहे आणि तो झटकून टाकता येणार नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय या खंडणीखोर व्हायरसने ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयांपर्यंत हाहाकार माजवला, तेव्हा ज्या त्रुटीतून तो शिरला तिची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच दिली होती. ज्यांनी ती बसवली नव्हती ते सापडले. एकाचा निष्काळजी संगणक दहा जणांना संसर्ग देतो, म्हणून सुरक्षेच्या दुरुस्त्या सक्तीच्या असाव्यात, हा युक्तिवाद मला पटतो. होम आवृत्तीत अपडेट ठरावीक आठवड्यांपुरतीच पुढे ढकलता येतात, यावरही माझा राग नाही. राग आहे तो एकाच पुडीत दोन औषधे देण्यावर. स्टार्ट मेन्यूतल्या जाहिराती आल्या त्या याच अपडेटच्या वाटेने. सक्तीचा अधिकार सुरक्षेच्या नावाने मिळवायचा आणि त्याच गाडीत जाहिराती, नवे चॅटबॉट आणि बदललेली सेटिंग चढवायची, याने शेवटी नुकसान सुरक्षेचेच होते. कारण लोक अपडेटलाच भिऊ लागतात आणि ती बंद पाडायचे उपाय शोधू लागतात. त्यात भर पडते चाचणीतल्या हलगर्जीची. ऑक्टोबर २०१८ चे अपडेट काही जणांच्या फायली पुसून गेल्यावर थांबवावे लागले. १४ ऑक्टोबर २०२५ च्या सुरक्षा अपडेटनंतर बिघडलेला संगणक सावरण्यासाठी असलेल्या रिकव्हरी स्क्रीनवर यूएसबी माउस आणि कीबोर्डच चालेनात. दुरुस्ती स्क्रीनवर दिसते आहे, पण निवडायची कशाने? आठवड्याच्या आत कंपनीने तातडीचे अपडेट काढले, हे खरे. पण सक्ती करणाऱ्याची जबाबदारी ऐच्छिक देणाऱ्यापेक्षा जास्त असते. 'रिकॉल'चे उदाहरण तर उलटेच सांगते. स्क्रीनची दर काही सेकंदांनी छायाचित्रे काढून साठवणारी ही सोय मे २०२४ मध्ये जाहीर झाली, तेव्हा तो साठा संगणकात कुलूपबंदही नव्हता. सुरक्षातज्ज्ञांनी रान उठवल्यावर ती मागे घेतली गेली आणि एप्रिल २०२५ मध्ये आली ती एन्क्रिप्शनसह, वापरकर्त्याने स्वतः चालू केली तरच चालू होणारी. नकाराला मान दिल्यावर प्रणाली जास्त सुरक्षित झाली.

१४ ऑक्टोबर २०२५ ही तारीख आणखी एका कारणाने लक्षात राहील. विंडोज १० चा नियमित आधार त्याच दिवशी संपला. २०१५ मध्ये कंपनीच्याच एका अधिकाऱ्याने हीच विंडोजची शेवटची आवृत्ती, असे परिषदेत सांगितले होते. विंडोज ११ साठी टीपीएम २.० ही सुरक्षा चिप लागते आणि साधारण २०१७ च्या अखेरनंतरचा प्रोसेसर. टीपीएमचा आग्रह समजण्यासारखा आहे, पण त्यामुळे धडधाकट संगणक अडगळीत जातात. कॅनालिस या संशोधन संस्थेने अशा संगणकांचा अंदाज २४ कोटी दिला होता. ज्यांना आणखी एक वर्ष, म्हणजे ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षा अपडेट हवी होती, त्यांना कंपनीने तीन वाटा दिल्या: ३० डॉलर भरा, कंपनीचे एक हजार बक्षीसगुण द्या, किंवा आपली सेटिंग वनड्राइव्हवर चढवा. युरोपात ग्राहक संघटनांनी आवाज उठवताच तिथल्या लोकांना पैशाची किंवा बॅकअपची अट न घालता ती मिळाली, फक्त खात्याने साइन-इन करून राहायचे. आपल्याकडे ज्या सुरक्षेच्या नावाने सगळी सक्ती होते, तीच सुरक्षा इथे वनड्राइव्हकडे ओढून नेण्याचे आमिष झाली.

मग सोडून द्या ना विंडोज, असे म्हणणारे भेटतात. लिनक्स खरोखरच पूर्वीसारखे अवघड राहिलेले नाही. केरळच्या सरकारी शाळा वर्षानुवर्षे त्यावर चालतात आणि उत्तम चालतात. पण तो निर्णय एका राज्याने शिक्षकांच्या प्रशिक्षणासकट घेतला होता. इचलकरंजीतल्या सूत व्यापाऱ्याचे हिशेब टॅलीत आहेत. सोलापुरातल्या छापखान्यात लग्नपत्रिकांचा वीस वर्षांचा साठा श्री-लिपीच्या फॉन्टमध्ये आहे. सीएच्या कार्यालयातल्या डिजिटल सहीच्या यूएसबी टोकनचा ड्रायव्हर दुसरीकडे चालेलच याची खात्री नाही. यांना बाहेर पडण्याची किंमत परवान्यापेक्षा कितीतरी जास्त मोजावी लागेल. ॲपलचे मॅक महाग, आणि आयक्लाउडच्या आठवणी तिथेही चुकत नाहीत. ज्याला सोडून जाता येत नाही त्याला 'सोडून जा' म्हणणे हे उत्तर नव्हे. आणि विंडोज फुकट तरी कुठे आहे? होम आवृत्तीची अमेरिकेतली छापील किंमत १३९ डॉलर आहे. लॅपटॉपच्या किमतीत ती वेगळी दिसत नाही, एवढेच.

भारताच्या हातात साधने नाहीत, असेही नाही. स्पर्धा आयोगाने ऑक्टोबर २०२२ मध्ये अँड्रॉइडच्या प्रकरणात गुगलला १,३३७.७६ कोटी रुपयांचा दंड केला आणि त्यानंतर जानेवारी २०२३ मध्ये गुगलने भारतापुरते अँड्रॉइडचे नियम बदलल्याचे जाहीर केले. अपिलात आयोगाचे काही आदेश गळाले, दंड कायम राहिला. डेस्कटॉपबाबत तसे काही घडलेले नाही. दरम्यान केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने ३० नोव्हेंबर २०२३ रोजी फसव्या रचनांविरुद्ध मार्गदर्शक तत्त्वे अधिसूचित केली. त्यांत तेरा प्रकार नोंदले आहेत. वारंवार तगादा लावणे हा त्यातला एक, आणि त्याच्या उदाहरणांत नाही म्हणायचा पर्याय न देता सतत परवानगी मागणे स्पष्ट लिहिलेले आहे. विंडोजचे ते 'तीन दिवसांनी आठवण करा'चे पान या उदाहरणात किती बसते, हे तपासायला प्राधिकरणाला नवा कायदा लागणार नाही. आजवर या तत्त्वांचा रोख मुख्यतः ऑनलाइन खरेदीकडे राहिला. जून २०२५ मध्ये स्वतःची तपासणी करून घ्या असा सल्ला गेला तोही ई-व्यापार कंपन्यांनाच. ज्या प्रणालीवर सरकारी कार्यालयांपासून महा-ई-सेवा केंद्रांपर्यंत सगळ्यांचा कारभार चालतो, तिला या तपासणीतून वगळण्याचे कारण दिसत नाही. मागणीही अवाढव्य नाही. जी मुभा युरोपात आहे ती इथे द्या, सुरक्षेचे अपडेट आणि बाकीचा माल वेगळा करा, आणि पहिल्याच पानावर नकाराचे बटण ठेवा. तक्रार करायला ग्राहक हेल्पलाइनचा १९१५ हा क्रमांक आहे. ऑपरेटिंग सिस्टीमसाठी तो वापरता येतो, हे अजून फारसे कोणाच्या मनात आलेले दिसत नाही.